आंग मो किओतले आ-सर

विमानतळावरून टॅक्सी निघाली तेव्हा मला वाटलं, ताई आधी समुद्र दाखवेल. ती म्हणाली, "शोभा, कितीही झोप आली तरी तीन वाजेपर्यंत जागी राहा. तीनला आ-सर असतात."

"कोण सर?"

"कळेल."

साताऱ्याहून मी पहिल्यांदाच देशाबाहेर पडले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छत्र्यांसारखी पसरलेली झाडं, पुलांच्या कठड्यांवरून ओसंडणारी बोगनवेल, आणि कुठे एक कागद उडताना दिसेल तर शपथ. नलूताई माझी सख्खी मोठी बहीण. दाजी अकाउंटंट म्हणून इथे आले आणि दोघं इथलेच नागरिक झाले. दाजी गेले, मुलगी लग्न होऊन मेलबर्नला गेली. आता ताई आंग मो किओ नावाच्या उपनगरात, सरकारी वसाहतीत, नवव्या मजल्यावर एकटीच राहते.

बरोबर तीनला शेजारचा फ्लॅट उघडला. भिंतीला हात लावत लावत एक ठेंगणी, पांढऱ्याशुभ्र केसांची बाई आत आली. या लिओंग आंटी. त्यांनी माझा चेहरा अगदी नाकाशी नाक येईल इतक्या जवळून पाहिला.

"सिस्टर, आ? सेम नोज!"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तरीही त्या टीव्हीसमोरच्या खुर्चीत अशा बसल्या, जणू नाटकाचं पहिल्या रांगेतलं तिकीट काढलंय.

मालिका हाँगकाँगची, कँटोनीज भाषेतली. खून, तस्करी आणि पोलीस. ताईला कँटोनीज कळत नाही, ती खालच्या इंग्रजी ओळी वाचते. आंटींना ओळीच काय, माणसंही धुरकट दिसतात. त्या नुसतं ऐकतात. चेहरे बघायचं काम ताईचं. "चष्मा काढला... पुसतोय... आता मुलाकडे बघतोय, डोळे भरलेत," असं ताई इंग्रजीत सांगायची आणि आंटी कान देऊन मान हलवायच्या.

आ-सर (साहेब) असं तिकडे पोलिसांना म्हणतात. या दोघींचे आ-सर म्हणजे एक म्हातारा चरित्र अभिनेता. नायक तरुण, देखणा, गच्चीवरून उड्या मारणारा; हे मागे टेबलाशी, गार झालेला चहा पीत. एका मालिकेत निवृत्तीला आलेले फौजदार, दुसरीत चोराचे बाप, तिसरीत स्वतःच लाचखाऊ. शेवट जवळ आला की बहुतेक वेळा मरायचे. "आज मरणार," आंटी आवाजावरून ओळखायच्या. "फार गोड बोलतोय."

इथल्या टीव्हीवर अशा मालिका बहुधा मँडरिनमध्ये डब करून दाखवतात. आंटींना ते मुळीच खपत नाही. "तो दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज," त्या म्हणाल्या. म्हणून त्यांच्या मुलाने, केल्विनने, मूळ आवाजातल्या मालिका ताईच्या टीव्हीवर लावून दिल्या होत्या.

ताईला कँटोनीज येत नाही हे मात्र पूर्ण खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजारात गेलो. ताईने बाजूला काढून ठेवलेल्या पपईला कुणीतरी हात लावला, तशी ती गरजली, "म होउ युक!" (हलू नका!) फळवाल्या आजोबांनी दोन्ही हात वर केले आणि आसपासचे सगळे पोट धरून हसले.

"मला एवढंच येतं," ताई पपई पिशवीत टाकत म्हणाली. "हलू नका, दार उघडा, प्रेत कुठाय."

शेजारीच हॉकर सेंटर (खाण्याच्या स्टॉलचं आवार) होतं. मी रिकामं टेबल बघून बसले आणि वर पडलेल्या टिश्यूच्या पाकिटातून एक काढून हात पुसले. पाठोपाठ एक तरुणी खाण्याचा ट्रे घेऊन आली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. इथे टिश्यूचं पाकीट ठेवणं म्हणजे आपण बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतो, तसं. मी तिच्याच रुमालाला हात पुसले होते! मग उभ्यानेच कोपी-ओ (साखरेची काळी कॉफी) प्यायले. कडू-गोड, दाट, आणि शरमेवर चांगलाच उतारा.

समुद्रही पाहिला. मरीन परेडजवळच्या किनाऱ्यावर वाळूत बसलो. क्षितिजावर गाव वसवल्यासारखी जहाजं उभी होती. मी अजून थोडं बसू म्हणाले, पण ताईचं लक्ष घड्याळात. "चल, आंटी खोळंबतील."

त्याच संध्याकाळी केल्विन आला. गुरुवारी आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन होतं. याआधी दोनदा तिने आयत्या वेळी पाय मागे घेतला होता. "आता नाही म्हणाली तर मी तिला क्लेमेंटीला माझ्या घरी नेणार," तो ताईला म्हणाला. "अशा डोळ्यांनी एकटी कशी ठेवू?"

तो गेल्यावर ताई कप विसळायला लागली.

"ऑपरेशन नाही झालं तर ती क्लेमेंटीला जाणार," ती म्हणाली. "आणि झालं तर?"

"झालं तर चांगलंच की."

"तिला दिसायला लागल्यावर माझी काय गरज, शोभा?"

मी कप पुसत राहिले.

गुरुवारी सकाळी बाहेरच्या आवाजाने आम्ही धावलो. आंटींनी आतून कडी घातली होती. केल्विन लोखंडी जाळीशी उभा राहून कँटोनीजमध्ये विनवत होता. आतून एकच उत्तर, "नो ऑपरेशन!" आहे तेवढा उजेडही गेला तर काय करू, असं ती म्हणतेय, त्याने सांगितलं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

ताई गप्प उभी होती. ती का गप्प आहे ते फक्त मला माहीत होतं, आणि मला तिची भीती वाटली. मग तिने एकदम पुढे होऊन जाळीवर मूठ आपटली.

"होइ मून! छाय यान!" (दार उघडा! पोलीस!)

आतून आधी खोकला, मग खोकल्यातून फुटलेलं हसू. आंटी काहीतरी ओरडल्या. केल्विनलाही हसू आवरेना. "वॉरंट आहे का, विचारतेय."

"सांग तिला, वॉरंट नाही," ताई म्हणाली. "पण मी बरोबर येते."

कडी निघाली. आंटी पायात चपला, खांद्याला पिशवी अशा तयार होऊनच उभ्या होत्या.

ऑपरेशन सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरचं झाकण निघालं आणि रविवारी तीनला, काळा चष्मा लावून, भिंतीला हात न लावता आंटी आल्या. चष्मा वर करून त्यांनी आधी ताईला न्याहाळलं.

"यू सो ओल्ड, आ!"

"तू काय शाळेत जातेस?" ताईने चक्क मराठीत ऐकवलं.

आंटींनी एक जुना, आवडता भाग मागून घेतला. आ-सर स्वतःच्या मुलाला पोलिसांच्या हवाली करतात तो. सवयीने ताई सुरू झाली, "चष्मा काढला..."

"आय कॅन सी, लाह!"

पडद्यावर म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं, टोपी घातली आणि तो निघून गेला. बस्स.

"ही नॉट क्राय," आंटी म्हणाल्या. "तू म्हणाली होतीस, ओठ थरथरला. डोळे भरले."

ताईचा चेहरा लाल झाला. "आतून रडत होता," ती हळूच म्हणाली. "मला दिसत होतं."

आंटी खुर्ची ओढून तिच्याजवळ आल्या. "अगेन," त्यांनी हुकूम सोडला. "अँड यू टॉक. युअर आ-सर बेटर."

ताईने भाग मागे नेला आणि बोलायला लागली. त्या खेपेला म्हाताऱ्याचा ओठ थरथरला की नाही ते मला सांगता येणार नाही. मी या दोघींकडे बघत होते.

परतीच्या दिवशी आंटी लिफ्टपर्यंत आल्या आणि माझ्या हातावर संत्री ठेवून गेल्या.

साताऱ्यात परतल्यावर सगळे विचारतात, काय काय पाहिलंस? बागा, उंच इमारती यांबद्दल मी चार वाक्यांत आटपते. मग त्या लोखंडी जाळीची गोष्ट सांगते. परवा मैत्रिणीला सांगताना म्हणाले, कडी निघाली तेव्हा आंटींचा हात थरथरत होता. नंतर आठवून पाहिलं, तर मला त्यांचा हात दिसलाच नव्हता. पण ते वाक्य मी परत घेतलं नाही.