रुक्मिणच्या लेकीचे पाच दिवस

ती पाच दिवस जगली. ती माझी नव्हती.

आज तिला जाऊन वर्ष झालं. तिच्या घरचं कुणी फेसबुकवर नाही, म्हणून मी लिहितेय.

मागच्या वर्षी गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच माझं पाणी गेलं. आईला सांगितलं, तासाभरात हदगावहून नांदेडला निघालो. ॲडमिट. इंजेक्शनं, सलाईन आणि नुसतं पडून राहणं. बाळ जितके दिवस आत राहील तितकं बरं, एवढंच डॉक्टर सांगायचे.

आठव्या दिवशी शेजारच्या बेडवर रुक्मिण आली. माहूरकडची. तिलाही सातवाच.

"कधीपासून पाणी जातंय?" सिस्टरनं विचारलं.

"चार दिस झाले. मला वाटलं लघवीच व्हायलीय. कुणाला सांगावं, लाज वाटली."

अंगात ताप होता. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला पळाली.

त्याच दुपारी तिला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मला मुलगा. दोघंही काचेच्या पेटीत.

मला दूध येईना. रुक्मिणला भरपूर. दर दोन तासांनी ती स्टीलच्या वाटीत काढून आत नेऊन द्यायची. लेकीच्या रक्तात इन्फेक्शन पसरलेलं. नळीतून थेंब थेंब द्यायचे, मग तेही बंद केलं.

तरी ती काढायचीच.

"उद्या सुरू करतील न्हाई का, ताई?"

मी "हाव" म्हणायचे.

पाचव्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याला आत बोलावलं. तो बाहेर आला तो कपड्यात गुंडाळलेलं घेऊनच.

रुक्मिणनं लेकीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते तेव्हा.

मी दोन हातांच्या अंतरावर होते.

दुपारी तिची छाती भरून आली. झंपर ओला झाला. तिनं वाटी भरली आणि माझ्यापुढं धरली.

"तुमच्या लेकराला द्या. माझं वाया चाललंय."

मी सिस्टरकडं बघितलं.

"तिलाही इन्फेक्शन आहे. देता येणार नाही," सिस्टर हळूच म्हणाली.

रुक्मिणनं वाद घातला नाही. बेसिनपाशी गेली, वाटी रिकामी केली आणि कितीतरी वेळ ती धूत राहिली.

माझा मुलगा महिनाभरानं घरी आला. मी वेळेत पोचले, असं डॉक्टर म्हणाले. रुक्मिणला सांगायला जवळ बाईमाणूसच नव्हतं.

नंतर तीन-चारदा फोन केला. शेवटच्या वेळी तिच्या नवऱ्यानं उचलला.

"ती शेतात गेलीय." मग म्हणाला, "ताई, राग नका मानू. तुमचा फोन आला की ती दोन दिस जेवत न्हाई. नका करत जाऊ."

मी परत केला नाही.

त्या मुलीचं नाव ठेवायचं राहिलं. पेटीवरच्या चिठ्ठीवर 'रुक्मिणचं बाळ' एवढंच होतं.

रुक्मिणच्या बाळा, तुला माझा नमस्कार.