शांतेचा वरचा दात

आमच्या आसेगावात दातांच्या डॉक्टरकडे सगळ्यांत कमी वयात गेलेलं माणूस म्हणजे माझी थोरली लेक शांता. तेव्हा तिला एकच दात होता.

तोही चुकीच्या जागी. लेकराचा पहिला दात वरचा आला की मामाच्या जिवावर येतं, असं आमच्याकडे धरतात. शांतेचा नेमका वरचा आला. सासूबाईंनी तिला पेज भरवताना तो पाहिला, वाटी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "तुया भावाले कळव बाप्पा. लगन हाय त्याचं."

माझा धाकटा भाऊ गुलाब कामरगावला. हळद लागायला पंधरा दिवस उरलेले. मी पोस्टकार्ड टाकलं. (लिहायला मी आपली आपणच शिकले होते, त्यामुळे कार्ड लिहायला निमित्तच हवं असे. ही हौस मला जन्मभर नडली.) कार्ड पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गुलाब दारात. पाण्याला हात लावला नाही, आधी भाचीचा ओठ वर करून पाहिला.

"बाई, हा काढून टाकू."

"नऊ महिन्यांचं लेकरू हाय ते, गुलाब."

"अन् मी चोवीस वर्सांचा हावो. मायं तं अजून लगन बी नाई झालं."

शहरातले लोक लेकरांचे दात दुखायच्या आधीच डॉक्टरला दाखवतात, हे मी साखरेच्या पुडीच्या कागदावर वाचलं होतं. म्हटलं, डॉक्टर याला समजावेल, माझ्या लेकीचा दात वाचेल. "चाल, मंगरूळपीरले दाखवू," मी म्हणाले. तो काढायला निघाला, मी वाचवायला. बैलांची दमणी एकच.

दर्ग्याच्या रस्त्याला एका खोलीत दातांचे डॉक्टर बसत. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गुलाबकडे.

"कोनाचा दात?"

गुलाबने शांतेकडे बोट केलं.

"इचा? काहून?"

"वरचा पयले आला जी. मी मामा हावो."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मले तीन बहिनी, सात भाचे. मी बसून राह्यलो का नाई तुह्यापुढं?"

"त्यायचे खालचे आले असतीन," गुलाब म्हणाला.

"दुधाचा चांगला दात मी काढत नसतो," डॉक्टरांनी निकाल दिला. मला म्हणाले, "पन बाई, आनलं ते बरं केलं. पयला दात आला का लेकरू दाखवाचंच." मी गुलाबकडे असं पाहिलं, जणू पुडीचा कागद मीच छापला होता.

आता तपासायचं, तर शांता तोंड उघडेना. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमी आ करा. तुमचं पाहून लेकरू बी करीन." मी मोठा आ केला. शांतेनेही केला. डॉक्टरांनी बॅटरी तिच्या तोंडात मारली, "झकास हाय," म्हणाले, आणि ती बॅटरी बंद करायच्या आधी वळून माझ्या तोंडात मारली.

"हे कवापासून?"

चार महिन्यांपासून मी एका किडलेल्या दाढेखाली लवंग दाबत होते, घरात कुणाला कळू न देता. चिमट्याचीच भीती, दुसरं काय! तोंड मिटायला गेले, तर मध्ये डॉक्टरांचं बोट. चावलंच की मी. शांता खदखदून हसली.

"धर रे हिचं डोस्कं," डॉक्टर गुलाबला म्हणाले. भाचीच्या दातासाठी आलेल्या मामाने बहिणीचं डोकं असं धरलं, की दाढेपेक्षा मान जास्त दुखली. दाढ निघाली. तीन मुळांची, चिंचोक्याएवढी.

गुलाबने ती उलटीपालटी करून पाहिली. "डाक्टर, हे वरची का खालची?"

"वरची."

त्याचा चेहरा असा उजळला, जणू हळद आजच लागली. "मंग झालं तं. एक वरचा दात गेला ना घरातला. कोनाचा, ते कोन पुसते?" आणि दाढ रुमालात बांधून खिशात टाकली.

मी तोंडात कापसाचा बोळा घेऊन घरी आले. शांता दमणीतच झोपली होती, तिला खांद्यावर घेऊन उतरले. ओट्यावर सासूबाई.

"काढला काय वं वरचा?"

मला बोलता येईना. गुलाबने ऐटीत रुमाल सोडला. सासूबाईंनी ती दाढ पाहिली, माझ्या खांद्यावर निपचित पडलेली नात पाहिली आणि मटकन खालीच बसल्या.

"येवढा? बाप्पा, येवढा दात लेकराच्या तोंडात होता?"

मी मान हलवली, हातवारे केले, सुजलेला गाल दाखवला. त्यांना वाटलं, सून लेकीसाठी रडून राह्यली. शेवटी शांता जागी झाली, जांभई दिली, तिचा तांदळाएवढा दात दिसला आणि सासूबाईंच्या जिवात जीव आला. त्यानंतर आठ दिवस त्या रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून सांगत होत्या, "लेकीचा दात दाखवाले गेली अन् सोताचाच देऊन आली."

गुलाबचं लग्न झालं. आज त्याला नातवंडं आहेत आणि मांडव दिसला की माझ्या दाढेची गोष्ट तो न विचारता सांगतो.

मी मात्र नातसुनांना एवढंच सांगते: पहिला दात आला की लेकराला डॉक्टरकडे न्या, वरचा असो की खालचा. फक्त तिथे आपलं तोंड उघडू नका. मला ते आजवर जमलेलं नाही, हे तुम्ही वाचताच आहात.