मोठ्यानं बोलणाऱ्या अक्का

अक्कांच्या कानाशी लागायची सोय नव्हती. कुणी कंत्राटदार खुर्ची सरकवून हळूच काही म्हणाला, की त्या तेच वाक्य अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणायच्या. "हे म्हणतायत, 'मॅडम, स्वल्प, थोडं बघून घ्या.' काय बघू? इथंच सगळ्यांसमोर दाखवा, सरी, ठीक?" माणूस घामाघूम होऊन उठायचा.

नव्वदच्या दशकात बेंगळुरात सरकारी बांधकामांच्या निविदा तपासणाऱ्या समितीवर त्या होत्या; मी त्यांच्या हाताखालचा इंजिनियर, बेळगावकडचा. "कागद सगळेच गोड बोलतात रे, भिंतीला विचारायचं," म्हणत त्या कंत्राटदाराचं जुनं काम बघायला निघायच्या.

बाळंतिणींच्या दवाखान्याचं टेंडर आलं तेव्हाही निघाल्या. सगळ्यात कमी दर ज्याचा, त्यानं सर्जापूर रोडवर एक शाळा बांधली होती. अक्कांनी छत्रीचं टोक भिंतीला लावलं, तर गिलाव्यातून वाळू भुरभुरली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पाऊस आला की आम्ही मुलांना घरी पाठवतो." अक्कांनी त्या कंत्राटदाराला अपात्र ठरवलं.

साहेबांनी बोलावलं. "अक्का, वरून फोन आलाय. दर कमी आहे ना, मग संपलं!"

"संपलं कसं? त्या छपराखाली बाळंतिणी निजणार आहेत."

पुढच्याच आठवड्यात अक्कांची बिदरला बदली. म्हणे, प्रशासकीय सोय! कुणाची सोय, ते खात्यात शिपायालाही ठाऊक होतं. काम त्याच माणसाला मिळालं. उद्‌घाटनाला हारतुरेही त्यालाच.

दुसऱ्या पावसाळ्यात वॉर्डाच्या छताचा तुकडा एका बाळंतिणीच्या खांद्यावर कोसळला. तिची तान्ही मुलगी तेवढ्यात आजीजवळ होती म्हणून वाचली. चौकशी झाली आणि दोषी कोण ठरलं? पाऊस! माझं डोकं फिरलं. मी बिदरला अक्कांना फोन लावून खात्याबद्दल तोंडाला येईल ते बोललो.

अक्का म्हणाल्या, "त्या बाईचं नाव काय?"

अहवालात नव्हतं.

"तिला कुणी विचारलंसुद्धा नाही? शोध तिला. फिर्याद देणार असेल तर मी साक्षीला येते."

बेंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या एका गल्लीत जयम्मा सापडली. डावा हात वर होत नव्हता. "खात्यातून आलात? आत्ता?" एवढंच तिनं विचारलं.

तिनं फिर्याद दिली. अक्का येऊन साक्ष देऊन गेल्या. कंत्राटदाराच्या वकिलानं दिवसभर उलटसुलट विचारलं, पण त्यांनी एक शब्द मागं घेतला नाही. खटला मात्र रखडला, रखडतच राहिला. निकालाआधीच अक्का वारल्या.

त्यांच्या अंत्ययात्रेला खात्यातलं कुणी फिरकलं नाही. जयम्मा आली होती, मुलीचा हात धरून.