राखून ठेवलेले कान

देविदास राठोड गेल्याचं मला उदगीरच्या मोंढ्यात कळलं. ओळखीचा एक हमाल पोत्यावर टेकून बसला होता, तो सहज बोलला, "गुरुजी, तुमचा तो पुस्तकवाला दोस्त गेला की काल. काविळीनं." पुस्तकवाला म्हणे... पुस्तक कुठं होतं? उभी जवानी घातली त्यानं त्यात आणि मागं उरली कागदांची चळत. महिना उलटून गेला, पण माझा राग काही उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर होतो. मी बौद्ध, तो लमाण तांड्यातला ख्रिस्ती. धर्मावरून एकमेकांची यथेच्छ टिंगल करायचो आणि एका डब्यात जेवायचो. त्याच्या आईला सगळा तांडा याडी म्हणतो. याडी म्हणजे आईच. तिला गोरमाटीशिवाय दुसरी बोली येत नाही. दर रविवारी चर्चमध्ये मराठी उपासनेला ती पदर घेऊन बसायची आणि एक अक्षर न कळता उठायची. देविदासला ते फार लागायचं. "याडीला एकदा तिच्या बोलीत ऐकवायचं, बस," म्हणायचा. तेवढ्यासाठी त्यानं शाळा सोडली आणि एका संस्थेत बायबलचं गोरमाटीत भाषांतर करायला लागला.

मदतीला परदेशातून स्वयंसेवक यायचे, कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले. पहिला आला दुष्काळात. विहिरी तळाला गेलेल्या, अर्धा तांडा खडी फोडायला गेलेला, आणि हा पोरगा विचारतोय, पाण्याला तुमच्या भाषेत शब्द किती? पोरगं वाईट नव्हतं, टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहायचं. पण मुदत वर्षाची. देविदासनं त्याला बोली शिकवायची, त्याची जीभ जरा वळायला लागली की निरोपाचा हार घालायचा. मग दुसरा यायचा आणि आधीच्याचं सगळं पहिल्यापासून तपासायचा. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, उस्मानाबादच्या खेपा संपल्या, पण यांचं बायबलातलं एक शुभवर्तमान संपेना. "ही पोरं इथं येऊन शिकतात आणि घरी जाऊन सांगतात, सेवा केली," मी म्हणायचो. तो हसायचा. "असू दे रे कांबळे. आईबाप सोडून एवढ्या लांब आलीत ती."

आता भाषांतर पक्कं करायची त्यांची एक रीत होती. ज्यानं तो मजकूर कधीच ऐकलेला नाही अशा माणसाला तो वाचून दाखवायचा, आणि त्यानं तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. सांगता आला तरच मंजूर. रीत चांगली, माझी तक्रार नाही. पण दरसालच्या तपासण्यांत तांड्यातले बाकीचे ऐकून ऐकून शिळे झाले. कोऱ्या कानांची उरली फक्त याडी. मग या शहाण्यानं काय करावं? तिचे कान शेवटच्या तपासणीसाठी राखून ठेवले! कागद काढले की तिला बाहेर घालवायचा, "जा गं, शेळ्या बघ." ती विचारायची, "एवढं काय लिहितोस रे?" "तुझ्यासाठीच हाय. झालं की सांगतो." जिच्यासाठी सगळा खटाटोप, तीच दाराबाहेर.

मी एकदा कडाडून भांडलो. "तिचं वय बघ. आजच वाचून दाखव. कोण बघायला येतंय?"

"तिनं आधी ऐकलं तर तपासणी खोटी पडंल. मला न्हाई जमायचं," एवढंच म्हणाला.

ती तपासणी नव्या माणसापायी दरसाल पुढं गेली... आणि हाच आधी गेला. मातीच्या वेळी पास्टरांनी मराठीत वाचलं. याडी माझ्या तोंडाकडं बघत होती.

गेल्या आठवड्यात नवी मुलगी आली, हेलन नावाची, संस्थेत मराठी आणि कामापुरती गोरमाटी शिकून आलेली. देविदासचं काम आपण पुरं करू म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तिनं याडीला अंगणात बाजेवर बसवलं आणि पहिलं पान हळूहळू वाचलं. तांड्याशेजारच्या गावात वाढल्यामुळं ती बोली मला कळते, बोलता धड येत नाही. वाचून झाल्यावर हेलननं विचारलं, काय समजलं ते सांगा.

"हे माझ्या लेकाचं बोलणं हाय," याडी म्हणाली.

"हो, पण गोष्ट काय होती?"

"तो असाच बोलायचा. पुढं वाच."

हेलन अवघडली. मला बाजूला घेऊन म्हणाली, पुढचं आत्ता ऐकवलं तर पुढच्या तपासणीला या आजी चालणार नाहीत. ते पुढल्या वर्षासाठी ठेवायला हवं.

मी तिच्या हातातले कागद घेतले, विचारलं नाही. अक्षरं आपल्याच बाराखडीतली. वाचत गेलो. अडखळलो की याडी शब्द नीट करून द्यायची आणि म्हणायची, "हाव, पुढं." दिवेलागण होईपर्यंत वाचलं. त्या पोरीचा मला राग नव्हता. राग येत होता देविदासचा. मेल्या, हे वाचायचं काम माझं नव्हतं.