विमानवाल्या भाचीचा मामा

किनाबातांगन नदीच्या वरच्या अंगाला झाडाचं नाव विचारायचं ते गिंबांगलाच. कोयत्यानं साल खरवडायची, हुंगायचं आणि नाव सांगून मोकळं व्हायचं. चाळीस वर्षं त्याचा शब्द शेवटचा होता. मग ते मेलं विमान आलं! पोटात कॅमेरा, डोळ्यांना न दिसणारे रंगही टिपणारा. दर जातीच्या पानांचा उजेड वेगळा म्हणे. त्यावरून कॉम्प्युटर अर्ध्या दिवसात डोंगरभर झाडांचा नकाशा तयार करायचा. आणि विमानात बसली कोण, तर त्याच्या बहिणीची मुलगी मार्सिला. झाडं तिला त्यानंच शिकवलेली. लोक आता तिलाच विचारायला लागले. गिंबांगचा नुसता जळफळाट व्हायचा.

"वरून वास येतो का गं कधी?" तो टोचायचा.

"नाही ना, मामा. म्हणून तर तुम्ही लागता," ती हसायची. ते हसणंही त्याला झोंबायचं.

नकाशा जमिनीवर ताडून बघायला दोघं निघाली, सोबत वनखात्याचे साहेब. सकाळभर नकाशा बरोबर निघत गेला आणि गिंबांगचं तोंड कडू होत गेलं. तिसऱ्या टेकडीवर मात्र नकाशात सगळी सरायाची झाडं दाखवली होती. त्यानं साल खरवडली आणि खदखदून हसला.

"सराया? अहो, कापराचं झाड आहे हे! हुंगा, हुंगा! काय गं विमानवाले, आपटलीस की!"

साहेबांनी हुंगलं. "मार्सिला, हे कसं झालं?"

"चूक माझी," ती खालमानेनं म्हणाली.

"मग पुढच्या कामावर तुला घ्यायचं का, विचार करावा लागेल," म्हणून साहेब ओढ्यावर हात धुवायला गेले.

गिंबांगला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. भाताचं पुडकं सोडता सोडता तो म्हणाला, "तरी मी सांगत होतो!"

मार्सिलानं पिशवीतून कागद काढून पुढे केला. झाडं ओळखायला कॉम्प्युटरला शिकवण्यासाठी त्यानंच गेल्या वर्षी लिहून दिलेली यादी. तिसरी टेकडी, सात झाडं, सगळी सराया.

त्याला आठवलं. त्या दिवशी सर्दीनं नाक चोंदलं होतं. वास म्हणून येत नव्हता, पण कबूल कोण करणार? दिलं होतं ठोकून.

"साहेबांना का नाही दाखवलंस?"

"तुमचं नाव कशाला घालवू? जेवा, मामा."

मोठी आली शहाणी! म्हणजे मोठेपणाही हिनंच मिळवायचा? त्यानं पुडकं बाजूला सारलं. कागद हिसकून तो तरातरा ओढ्यावर गेला.

"साहेब, ही चूक माझी," तो खेकसला. "तिला कुठं जमतंय चुकायला?"