आधी पाय, मग चाक

काठीवाल्याचं खरं नाव कुठल्यातरी कागदावर असेलच, पण ते विचारायची वेळ कुणावर आली नाही. बावीस वर्षं त्यानं एकच जीप एकाच वाटेवर चालवली, वाडीपासून बाजाराच्या गावापर्यंत आणि परत. जीप जुनी. रंग विटलेला, मागचं दार दोरीनं बांधलेलं. पण सीटशेजारचा आखूड दांडा ओढला की चारही चाकांना जोर मिळायचा. मग चिखल असो नाहीतर दगड, म्हातारी म्हैस चढण चढावी तशी ती सावकाश, कुरकुरत, पण नेमकी वर यायची.

वाटेत एक ओढा लागे. त्याच्यावर पूल नव्हता, नुसती फरशी होती. फरशी म्हणजे पाण्याला लागून टाकलेली सिमेंटची पट्टी. तिला कठडा नाही, दोन्ही कडांना गुडघाभर उंचीचे दगड तेवढे रोवलेले. उन्हाळ्यात तिच्यावरून कोंबड्या जात आणि पावसाळ्यात ओढा जाई. ओढा वरून जायला लागला की काठीवाल्याचा जो सोहळा सुरू होई, त्यावरूनच त्याला हे नाव पडलं.

गाडी अलीकडे थांबवायची. काठाला, पाणी जिथं टेकलंय तिथं, एक खुणेचा दगड ठेवायचा. पँट दुमडून कमरेला दोर बांधायचा आणि त्याचं दुसरं टोक जीपच्या हुकात अडकवायचं. मग बांबूची काठी घेऊन एकट्यानं पाण्यात उतरायचं. काठी टेकव, पाऊल टाक, पुन्हा काठी. गाडीतली माणसं जांभया देत बसत. तो तीन गोष्टी बघे. पाणी किती खोल, खालची फरशी शाबूत आहे का, आणि पाण्याला ओढ किती. "खोली काठीला कळते," तो म्हणे, "पण ओढ पोटरीलाच कळते." पाणी गुडघ्याच्या खाली आणि ओढ बेताची असेल तर निघायचं, नाहीतर बसायचं. आधी पाय, मग चाक.

हे शहाणपण त्याला फुकट मिळालं नव्हतं. धंद्यात नवा असताना एकदा तो भरवेगात पाण्यात घुसला होता. पाणी उसळून बॉनेटवर आलं, इंजिननं श्वासाबरोबर पाणी ओढलं आणि एक ठोका देऊन ते गप्प झालं. आतले दांडे चमच्यासारखे वाकले. तीन आठवडे इंजिन सुटं होऊन गोणपाटावर पसरलं होतं आणि हा मिस्त्रीशेजारी उकिडवा बसून एकेक नट रॉकेलमध्ये धूत होता. मिस्त्री म्हणाला, "बाबा रे, माणूस बुडण्याआधी चार गटांगळ्या तरी खातो. इंजिनाला एक घोट पुरतो."

तेव्हापासून तो सावध झाला असं लोक म्हणत. त्याच्या सासूला हे मान्य नव्हतं. तिच्या मते तो जन्मजातच तसा होता.

"मुलगी बघून गेला," ती आल्यागेल्याला सांगे, "आणि होकार कळवायला सोळा दिवस लावले! मी तेव्हाच ओळखलं. घराला आग लागली तरी हा माणूस आधी चपला शोधेल."

सासू शिलाईवाली. उभी हयात शिवणयंत्रावर गेलेली. अंधारात काजं करेन अशी तिची एके काळी मिजास होती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. सुईत दोरा ओवायला शेजारणीची वाट बघायची, हे तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. बाजाराच्या गावच्या दवाखान्यात डोळ्यांचा मोठा डॉक्टर कधीमधीच येई. आठ महिने थांबल्यावर एका डोळ्याची तारीख मिळाली होती. दुपारी बाराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर नाव पुन्हा यादीच्या शेपटाला.

त्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. सासू ठेवणीतले कपडे घालून, पिशवी मांडीवर घेऊन, जीपच्या पुढच्या सीटवर आठलाच जाऊन बसली. पण पहाटे वर डोंगरात पाऊस कोसळला होता. ओढ्याशी पोचले तर फरशी दिसेना. गढूळ पाणी काठांना धडका देत चाललेलं.

काठीवाला खुणेचा दगड ठेवून पाण्यात उतरला. पंचवीस पावलांवर पाणी मांडीला लागलं. पोटरीला असा हिसका बसला की जणू कुणी पाय मागतंय. आणि उजव्या कडेला टेकवलेली काठी टेकलीच नाही. खाली गेली ती गेलीच. तिथला फरशीचा तुकडा वाहून गेला होता.

तो परत आला. "थांबावं लागेल, आई."

"किती वेळ?"

"पाणी सांगेल."

"पाण्याला विचारून मी आठ महिने बसले का? जावईबापू, बारा वाजता माझं नाव खोडतील!"

तेवढ्यात मागून भोंगा वाजला. धाकटा मेव्हणा आला होता, आईच्या ऑपरेशनला म्हणून खास रजा काढून. त्याची नवी गाडी म्हणजे एक प्रकरण होतं. कमरेएवढी चाकं, आणि बॉनेटपासून टपापर्यंत गेलेली काळी नळी. वाडीतली माणसं त्या नळीला सोंड म्हणत.

"काय दाजी, मोजणी चाललीय?" मेव्हणा हसला. "आई, चल माझ्या गाडीत. हिचं नाक टपावर आहे. पाणी प्यायचा प्रश्नच नाही."

"नाक वर असून काय उपयोग?" काठीवाला म्हणाला. "पाय उचलले गेले तर? चाकं टेकलेली असली तर चारांचा जोर. उजवीकडे फरशीही फुटलीय."

"अहो, दोन टनांची गाडी आहे!"

"मोठी होडी त्याहून जड असते. तरंगतेच ना?"

सासूनं पिशवी उचलली आणि पाय खाली टाकला. काठीवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात धरून तिला थांबवलं.

"आई नंतर बसतील तुमच्या गाडीत," तो मेव्हण्याला म्हणाला. "माझं ऐकाल तर जाऊच नका. जाणारच असाल, तर आधी रिकामी गाडी पलीकडे नेऊन आणा. आणि मागच्या हुकाला माझा दोर बांधू द्या."

"दोर? लोक काय म्हणतील?"

"बांधू दे रे," सासू ओरडली. "दोरानं काय तुझं लग्न मोडतंय? उरक पटकन!"

मेव्हण्यानं गाडी घातली. सोंड ऐटीत पुढे चालली. निम्म्या फरशीपर्यंत सगळं झकास होतं. मग मागचा भाग हलकेच उचलला गेला, पाण्यानं कूस बदलावी तशी गाडी उजवीकडे सरकली आणि कडेच्या दगडाला अडून तिरकी उभी राहिली. पुढचं चाक मोकळ्यातच गरगर फिरत राहिलं.

"काय झालं? तो बोलत का नाही?" सासूला अंधुक हालचालीपलीकडे काही दिसत नव्हतं.

"काही नाही, आई. तुमचा मुलगा गाडीच्या टपावर चढून बसलाय."

"टपावर? कशाला?"

"वरून देखावा बरा दिसतो."

"दाजी!" टपावरून आवाज आला. "दोर! दोर ओढा ना!"

काठीवाल्यानं आखूड दांडा ओढला, रिव्हर्स टाकला आणि जीप इंच इंच मागे घेतली. दोर ताठला, कण्हला. सासू देवाचं नाव घेत होती आणि मधूनमधून मुलाच्या अकलेचंही. अखेर मोठी चाकं फरशीला टेकली आणि गाडी ढुंगण पुढे करून, रुसलेल्या गाढवासारखी, काठावर आली. मेव्हणा टपावरून उतरला आणि स्वतःच हुकातला दोर सोडायला लागला.

साडेदहा झाले होते. आता कुणी कुणाला टोमणा मारेना. सासू पदराच्या टोकाला बोटानं पीळ देत बसली. काठीवाला खुणेच्या दगडाशी उकिडवा बसला. पाणी आधी दगडाला चाटत होतं. मग वीतभर मागे गेलं, मग हातभर. डोंगरातलं पाणी चढतं घाईनं आणि उतरतंही घाईनं, हे त्याला ठाऊक होतं. पण ते सासूला सांगायचं धाडस झालं नाही. न उतरलं तर?

अकराला पाच कमी असताना तो पुन्हा पाण्यात उतरला. पाणी गुडघ्याखाली आलेलं, हिसका मवाळ झालेला. परत येऊन त्यानं काठी मेव्हण्याच्या हातात दिली आणि जीपच्या हुकातला दोर त्याच्या कमरेला बांधला.

"फरशी फुटलीय त्याच्या आतल्या अंगाला उभे राहा. हलू नका. तुम्ही आता खांब आहात."

खांब निमूटपणे जाऊन उभा राहिला. जीप पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगानं पाण्यात शिरली.

"सांगत राहा, काय चाललंय," सासू म्हणाली.

"रस्ता अगदी कोरडा आहे, आई."

"मग माझे पाय ओले कसे झाले?"

खांबाच्या पोटाला आरसा घासत जीप पुढे गेली आणि पलीकडची चढण चढली. काठीवाल्यानं मेव्हण्याला दोरानं पलीकडे घेतलं, दोर सोडून मागे चढवलं आणि पुढचा अर्धा मैल डावा पाय ब्रेकवर हलकेच ठेवून गाडी नेली, ओले ब्रेक सुकावेत म्हणून. दवाखान्याच्या खिडकीशी सासूनं चाचपत सही केली तेव्हा बाराला बारा मिनिटं कमी होती.

तिसऱ्या दिवशी ते परत निघाले. सासूच्या डोळ्याला काळा चष्मा होता. ती वाटेतल्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. फरशी आता उघडी, ऊन खात पडलेली.

"थांबवा," ती म्हणाली. "मला बघायचंय."

ती उतरली. जाताना उजवीकडे असलेल्या कडेला खाटेएवढा तुकडा गेला होता, खाली पाणी फेसाळत होतं. फरशीवरच्या शेवाळात जीपच्या चाकानं खरवडलेला माग तिला दिसला. त्या मागापासून खड्ड्यापर्यंत तिनं शिलाईवालीच्या सवयीनं वितीनं मोजलं. तीन विती भरल्या. चौथी बसेना.

तिनं पुन्हा एकदा वीत लावून बघितली. मग चष्मा नीट करून म्हणाली, "तेव्हा दिसत असतं, तर मी गाडीतून उडी मारली असती."

"माहीत होतं," काठीवाला म्हणाला.

ती जीपमध्ये चढून बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"जावईबापू, दुसऱ्या डोळ्याची तारीख उन्हाळ्यातली घ्या."