आईकडं पाठ करून

आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. आई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात वीस वर्षं धाग्याच्या कांड्या भरते, आणि मागांच्या खडखडाटानं तिचे कान निम्मे गेलेत. ती साधं "चहा घे" म्हणाली तरी शेजारच्यांना वाटतं, लागलं भांडण. कारखान्यात मात्र ती एक शब्द मोठ्यानं बोलत नाही, कारण तिथं आवाजाचा उपयोगच नाही. तिथल्या बायका नुसते ओठ हलवतात, सावकाश, शब्द सुटे सुटे करून, आणि समोरची ओठ बघून उत्तर देते. थट्टा, गाऱ्हाणी, सासूच्या चहाड्या, सगळं बिनआवाजाचं. लहानपणी सुट्टीत तिच्याबरोबर जाऊन जाऊन मलाही ते जमायला लागलं. एकच आहे, समोरच्यानं तोंडाकडं बघायला पाहिजे. पाठ फिरवली की बोलणं संपलं.

बारावीला होते तेव्हाची गोष्ट. नर्स व्हायचं माझं पक्कं होतं, पण विचारायचं कुणाला? आमचे वैरागकडचे सगळे शेतीतले, नर्सिंगमधलं कुणीच नाही. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहून ठेवले होते. एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी या कोर्सांत फरक काय? रक्त बघून चक्कर येते, ती जाते का? तेवढ्यात आईला ताप आला, जुलाब लागले, आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. खरं सांगते, काळजी वाटायच्या आधी मला आनंद झाला. आता खराखुरा वॉर्ड बघायला मिळणार! आईचा चष्मा मी घरी विसरले, वही नाही विसरले.

दुपारी वॉर्ड जरा शांत झाला. आईच्या उजव्या हाताला सलाईन लावलेली. दाराजवळच्या टेबलापाशी एक सिस्टर कागद भरत बसली होती, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. मी धीर करून गेले आणि वही उघडली. बिचारी लई चांगली होती. "बस की," म्हणाली आणि स्टूल पुढं केलं. मी पहिला प्रश्न विचारते न विचारते तोच मागनं आईचा आवाज आला.

"अगंऽ, त्या शिस्टरबाईला जेवलीस का इचार की! सकाळधरनं उभी हाय ती!"

सगळा वॉर्ड हसला. सिस्टरही हसली. मी मान खाली घातली. दोन मिनिटं झाली नाहीत तर पुन्हा, "शिस्टर, आमच्या पोरीला तुमच्यावानीच व्हायचंय बगा! लावून टाका हितंच!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरातरा खाटेपाशी गेले. मोठ्यानं बोलले असते तर सगळ्यांनी ऐकलं असतं, म्हणून कारखान्यातल्यासारखे ओठ हलवले. *गप्प बस. लाज आणतेस. मी येईपर्यंत आवाज काढायचा नाही.* आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं शहाण्या पोरीसारखी मान हलवली.

परत येऊन मी स्टुलावर बसले, आईकडं पाठ करून.

अर्धा तास सिस्टर सांगत होती, मी लिहीत होते. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएस्सी चार, आणि बारावीला बायोलॉजीत मार्क कमी पडू देऊ नकोस. मग म्हणाली, "आणि एक लिहून घे. सलाईन चालू असली की सगळे बाटलीकडं बघतात. आपण पेशंटच्या हाताकडं बघायचं." मी ते लिहिलं. खाली रेघसुद्धा मारली. आग लागो त्या रेघेला.

सिस्टर उठून पलीकडच्या पेशंटकडं गेली, तरी मी लिहीतच होते. आईच्या शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली तेव्हा कळलं. "अगं ए पोरी," ती म्हणाली, "तुझी आई कवाधरनं तुज्याकडं बगून तोंड हलवतीया. काय पायजे बग की तिला."

वळले. आईचा हात कोपरापर्यंत सुजून टम्म झाला होता. सुई शिरेतनं सरकली होती आणि पाणी भलतीकडंच जात होतं. डोळ्यांतनं टिपं गळत होती आणि ती माझ्याकडं बघून ओठ हलवत होती, सावकाश, शब्द सुटे सुटे करून. *दुखतंय. बाय. दुखतंय.* आवाज काढला नव्हता तिनं. मीच सांगितलं होतं ना.

मी हाक मारली तशी सिस्टर धावली. सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला. "कधीपासून सुजलाय हा? कुणी बघितलं नाही का?" तिनं चिडून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई तिच्या नेहमीच्या आवाजात ओरडली, "पोरीनंच वळकलं की! तीच तुमाला सांगायला उटली!" शेजारची म्हातारी तिच्याकडं बघतच राहिली. सिस्टर मला म्हणाली, "शाब्बास." आणि मी ती शाब्बासकी घेतली. अशी मी!

कामावर गेल्यावरही पंधरा दिवस आईला कांडीवरच्या तुटल्या धाग्याला गाठ मारता येत नव्हती. शेजारी बसणारी बाई तिच्या गाठी मारून द्यायची. आणि आई कारखान्यात, गल्लीत, किराणा दुकानात भेटेल त्याला सांगत सुटली, पोरीनं हात वळकला म्हणून वाचले. दर खेपेला गोष्ट वाढायची. मी तिथनं उठून जायचे, पण खोटं आहे असं एकदाही म्हणाले नाही. नर्सिंगचे फॉर्म सुटले, माझा भरायचा तसाच राहिला. आज सर्व्हर बंद आहे, उद्या फोटो काढायचाय, अशा थापा मारत होते. जिनं आईच्या हाताकडं बघितलं नाही, ती परक्यांच्या हाताकडं काय बघणार?

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी शेजारची काकू तिच्या मुलीसाठी नर्सिंगचं विचारायला आली. आईनं लगेच सुरू केलं, "आमच्या पोरीनं लांबनं वळकलं बगा, शिस्टरला बी कळलं न्हवतं!"

मी काकूच्या मागं उभी होते. मला राहवेना. ओठ हलवले. *आई, मी बघितलं नव्हतं. तुझ्याकडं पाठ होती माझी.*

आईचं बोलणं थांबलं. काकूच्या खांद्यावरून ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मग तिचेही ओठ हलले, आवाजाशिवाय.

*म्हाईत हाय मला. अर्दा तास तुजी पाटच बगत हुते की.*

माझ्या डोळ्यांना धार लागली. काकू बशीत मान घालून चहा पीत होती, तिला काहीच पत्ता नव्हता.

*फारम भर,* आईचे ओठ म्हणाले. *फकस्त दुखणाऱ्याकडं तोंड करून बसत जा.*

आणि मग काकूकडं वळून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं पुढची गोष्ट सांगायला घेतली. या खेपेला मी उठून गेले नाही. तिच्यासमोर जाऊन बसले.